साय आणि शुगा यांचे ‘दॅट दॅट’ : थोरल्याचे गाणे, धाकट्याची बांधणी

कोथरूडमधील आमच्या सोसायटीत गणेशोत्सवाची एक संध्याकाळ दरवर्षी मुलांच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवलेली असते. २०२२ साली, दोन वर्षांच्या निर्बंधांनंतर पुण्याचा उत्सव पुन्हा मोकळेपणाने साजरा होणार होता, तेव्हा माझ्या भाचीने आणि तिच्या सहा मैत्रिणींनी त्या संध्याकाळी नाचण्यासाठी एक कोरियन गाणे निवडले. मी गेली पंचवीस वर्षे घरी तबला शिकवते. “मावशी, यातली सम कुठे धरायची तेवढं सांग,” एवढेच भाचीचे मागणे होते. त्या निमित्ताने मी ते गाणे तीन आठवडे रोज ऐकले, आणि कार्यक्रम संपल्यानंतरही ते माझ्याकडून सुटले नाही. आज, काही वर्षे सोबत राहिल्यानंतर, त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण एवढ्या छोट्या गाण्यात दोन पिढ्यांचे नाते ज्या पद्धतीने मांडले आहे, ते मला आपल्याकडच्या गुरू-शिष्यांच्या जुगलबंद्यांतही क्वचित ऐकायला मिळाले आहे.

गाण्याचे नाव ‘दॅट दॅट’. ते २९ एप्रिल २०२२ रोजी प्रकाशित झाले. गायक साय, म्हणजे ‘गंगनम स्टाईल’मुळे २०१२ मध्ये पुण्यातल्या लग्नाच्या वरातींपर्यंत पोहोचलेला गायक. त्याचे खरे नाव पार्क जे-सांग, जन्म ३१ डिसेंबर १९७७ चा आणि पहिला अल्बम २००१ चा. त्याच्यासोबत आहे बीटीएस या गटातील रॅपर शुगा, म्हणजेच मिन युन-गी, ज्याचा जन्म ९ मार्च १९९३ रोजी देगू शहरात झाला आणि ज्याचा गट २०१३ मध्ये रंगमंचावर आला. दोघांच्या वयात पंधरा वर्षांचे अंतर आहे, आणि कारकिर्दीत बारा वर्षांचे. ज्या समाजात जन्मवर्ष विचारल्याशिवाय समोरच्याला काय म्हणून हाक मारायची हेच ठरत नाही, तिथे एवढे अंतर म्हणजे एक आख्खी पिढी होय.

हे अंतर असूनही गाण्याच्या अधिकृत नावातच कंसात लिहिले आहे की निर्मिती शुगाची आहे आणि सहभागही त्याचाच आहे. या छोट्याशा श्रेयनामावलीकडे मी पुन्हा पुन्हा पाहते. लोकप्रिय संगीतात थोरल्याने धाकट्याला एखादे कडवे गायला बोलावणे नेहमीचे आहे. त्यात आशीर्वादाचा भाव असतो आणि सूत्रे थोरल्याकडेच राहतात. येथे उलटे घडले आहे. चाल, ताल आणि ध्वनीची बांधणी करणाऱ्यांमध्ये शुगा आहे, त्याच्या जोडीला एल कॅपिटॅन हा निर्माता आहे, आणि साय स्वतः त्यांच्यासोबत रचनेत बसलेला आहे. शुगा आला होता तो केवळ निर्माता म्हणून. गाण्यात आवाज देणे, मग चित्रफितीत येणे आणि मग नाचणे, या एकेका पायरीवर सायने त्याला ओढत नेले. म्हणजे धाकट्याने थोरल्यासाठी घर बांधले आणि थोरल्याने त्या घरात धाकट्याला राहायला लावले. गाणे ऐकताना हा क्रम कानाला जाणवतो, आणि तोच माझ्या दृष्टीने या गाण्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

तो जाणवतो कसा, हे सांगण्यासाठी थोडे लयीच्या अंगाने जावे लागेल. हे मूलतः नाचाचे गाणे आहे, आणि त्याला अमेरिकी कंट्री संगीताचा रंग दिलेला आहे. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर खालचा ठोका पडतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळीसारखा कोरडा आघात येतो. भाचीला मी पहिल्या दिवशी एवढेच सांगितले की सम शोधू नकोस, टाळी शोध. दोन आणि चारवर शरीर सोडलेस की बाकीचे आपोआप जागेवर येईल. अमेरिकेतील कंट्री संगीताचा साधा ठेकाही याच तत्त्वावर चालतो. तिथे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खर्जातील स्वर वाजतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटारच्या तारा तोडून वाजवल्या जातात. केहरव्यात डग्ग्याचा घुमारा आणि चाटेवरचा आघात जसे एकमेकांना उत्तर देतात, तसेच हे. त्यामुळे नृत्यसंगीत आणि कंट्री यांची सांधेजोड वरून कितीही विजोड वाटली तरी आतल्या हाडांच्या पातळीवर ती विजोड नाही. शुगाने आणि एल कॅपिटॅनने ही जागा अचूक हेरली आहे. गिटारची कोरडी, आखूड तान त्यांनी ठेक्याच्या मधल्या मोकळ्या जागांत बसवली आहे, ठेक्याच्या डोक्यावर नाही. त्यामुळे ती ऐकू येते आणि तरीही नाचणाऱ्याच्या पायात येत नाही.

सायचा आवाज या बांधणीत मोकळा सुटतो. त्याच्या जुन्या गाण्यांत तो स्वतःच गाडी ओढत असे. ओरडणे, चिथावणे, थांबवणे, पुन्हा उसळवणे, सगळे त्याच्याच गळ्यावर अवलंबून असे. येथे त्याला तेवढे कष्ट घ्यावे लागत नाहीत. ठेका त्याला धरून ठेवतो, आणि तो त्यावर रेलून गातो. चांगल्या साथीदाराबरोबर गाताना बुजुर्ग गवई जसा निर्धास्त होतो, तसा निर्धास्तपणा त्याच्या उच्चारांत आहे. शुगाचे कडवे येते तेव्हा मात्र हवा बदलते. तो आवाज चढवत नाही. शब्द दातांजवळ ठेवून, जवळजवळ बोलल्यासारखे, मात्रेच्या किंचित मागे राहून तो म्हणतो, आणि त्या मागे राहण्यामुळेच ठेका पुढे धावतो असा भास होतो. तबल्यातली अतीत, म्हणजे समेच्या किंचित नंतर येण्याची खुबी, ज्यांनी मन लावून ऐकली आहे त्यांना ही गंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. माझी तक्रार एवढीच की हे कडवे फार लवकर संपते. संपूर्ण गाणे तीन मिनिटांहूनही थोडे कमी आहे, आणि त्यात ध्रुवपदाची पुनरावृत्ती इतकी आहे की शुगाला आणखी आठ ओळी दिल्या असत्या तर गाण्याचे काही बिघडले नसते.

ध्रुवपदाच्या तोंडाशी एक छोटा कोरियन वाक्प्रयोग येतो, ज्याचा अर्थ साधारणपणे ‘तयार व्हा, आणि सोडा’ असा होतो. सोडा म्हणजे नेम धरून सोडा. मुली सराव करत असताना मी त्याचा अर्थ शोधला, आणि मला या गाण्याचे दार उघडल्यासारखे झाले. कोरियात पूर्वी घरबांधणीसाठी निधी उभारणारी लॉटरी असे. तिची सोडत दूरचित्रवाणीवर दाखवली जाई. फिरत्या अंकचक्रावर बाण सोडून क्रमांक काढत आणि निवेदक प्रत्येक वेळी नेमके हेच वाक्य उच्चारीत असे. सायच्या वयाच्या श्रोत्याला हे शब्द ऐकताच बैठकीच्या खोलीत सगळे कुटुंब हातात तिकीट घेऊन बसलेले आठवणार, आणि शुगाच्या वयाच्या किंवा त्याहून लहान श्रोत्याला, चित्रफितीतील काऊबॉय पोशाखाच्या पार्श्वभूमीवर, त्यात फक्त पिस्तुलाचा नेम दिसणार. एकच वाक्य, दोन पिढ्यांसाठी दोन चित्रे, आणि दोन्ही चित्रे त्या जागी चपखल. शब्दांची अशी निवड करणे हे मोठ्या कारागिराचे काम आहे. आपल्याकडे जुन्या आकाशवाणीवरील एखादे निवेदन आजच्या गाण्यात असेच बसवता आले, तर आजीला आणि नातीला एकाच क्षणी वेगवेगळ्या कारणांनी हसू फुटेल.

आता कंट्रीच्या अंगाविषयी, कारण येथे माझे कौतुक थोडे आखडते. कंट्री हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागांत, युरोपातून आलेल्या फिडलच्या, म्हणजे लोकसंगीतातील व्हायोलिनच्या, आणि आफ्रिकी मुळाच्या बँजोच्या संगतीत वाढलेले संगीत आहे. १९२७ साली टेनेसी राज्यातील ब्रिस्टल येथे झालेल्या ध्वनिमुद्रणांनी ते देशभर पोहोचवले. त्याचा आत्मा गोष्ट सांगण्यात आहे: हरवलेले गाव, रेल्वे, दारू, आई, शेत. ‘दॅट दॅट’मध्ये यातले काहीही नाही. त्यात आहे ती कंट्रीची बाह्यरेषा, आणि तीही बहुतांशी पाश्चात्त्य घोडेस्वारपटांच्या पार्श्वसंगीतातून आलेली: कोरडी गिटार, तुतारीसारखा चढा संश्लेषित स्वर, उन्हात तापलेल्या माळाचा भास. पेडल स्टील गिटारची लांबलेली, ओली तक्रार येथे ऐकू येत नाही. फिडलची धाव ऐकू येत नाही. जो श्रोता कंट्रीच्या ओढीने या गाण्याकडे येईल त्याला पोशाख मिळेल, माती मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

तरीही ‘कोरियन माणसाला काऊबॉयच्या टोपीशी काय देणेघेणे’ असे जे कोणी सहज म्हणून टाकतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. हे देणेघेणे सत्तर वर्षांचे आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर अमेरिकी सैन्य कोरियात राहिले आणि त्याच्या आठव्या सेनादलाच्या तळांवर करमणुकीचे कार्यक्रम सुरू झाले. तिथे गाण्यासाठी कोरियन कलावंतांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी दिली जाई, आणि क्लबानुसार मागणी बदले: कुठे जॅझ, कुठे रॉक, तर कुठे केवळ कंट्री. कोरियन रॉकचा आद्य पुरुष मानला जाणारा शिन जुंग-ह्यन याच तळांवर घडला. किम सिस्टर्स या तीन मुलींनी इंग्रजी कळत नसताना गाणी ध्वनीवरून पाठ केली, सैनिकांपुढे गायली, आणि १९५९ मध्ये त्या लास व्हेगासला पोहोचल्या. त्यांच्या हातांत जी अनेक वाद्ये असत त्यांत बँजोही होते. पुढे सत्तरच्या दशकात सो सू-नाम आणि हा छंग-इल या जोडीने कंट्रीच्या वळणाची विनोदी गाणी कोरियनमध्ये घरोघर नेली. म्हणजे साय ज्या पिढीत वाढला, तिच्या आईवडिलांच्या कानांत हे सूर आधीच होते. भुकेल्या, उद्ध्वस्त देशातल्या मुलींनी परक्या सैनिकांसाठी पाठ केलेले संगीत, आणि त्यानंतर दोन पिढ्यांनी त्याच देशाच्या दोन जगप्रसिद्ध कलावंतांनी हौसेने अंगावर चढवलेला तोच पोशाख, हा प्रवास लक्षात घेतला की त्या टोपीकडे पाहण्याची नजर बदलते. गाणे स्वतः मात्र या इतिहासाकडे वळून पाहत नाही, आणि ती संधी हुकली याची मला मनापासून हळहळ वाटते.

हळहळ वाटण्याचे आणखी एक कारण आहे. हे काम शुगाला येत नाही असे नाही. २०२० मध्ये ‘अगस्ट डी’ या नावाने त्याने ‘देछ्विता’ हे गाणे केले, ज्यात कोरियन राजदरबारच्या मिरवणुकीतील फुंकवाद्यांचे आणि ताशांचे संगीत थेट रॅपच्या पोटात घातले आहे. पुण्यात ढोल-ताशांच्या पथकात ज्यांनी वादन केले आहे त्यांनी ते अवश्य ऐकावे. मिरवणुकीचे वाद्य आणि संताप यांचे नाते त्यांना ताबडतोब ओळखू येईल. तिथे परंपरा गाण्याचा कणा आहे. येथे कंट्री गाण्याचा अंगरखा आहे. दोन्हींची तुलना अन्यायाची आहे हे मला मान्य आहे, कारण एक संतापाचे गाणे आहे आणि दुसरे आनंदाचे. पण ज्याने आधी एवढी खोल विहीर खणून दाखवली, त्याच्याकडून आपण पाण्याची अपेक्षा करतोच.

चित्रफितीबद्दल थोडक्यात. वाळवंटी माळ, झालरीचे पोशाख, रांगेत नाचणारा मोठा समूह, आणि मध्यभागी हे दोघे. सायचा नाच आपल्याला ठाऊक आहे; शुगाला इतक्या उघड्या चेहऱ्याने, इतक्या निःसंकोच आनंदाने नाचताना पाहणे हे त्याच्या चाहत्यांनाही नवे होते, असे माझी भाची सांगते. एक प्रसंग मात्र नुसता पाहून सोडण्यासारखा नाही. ‘गंगनम स्टाईल’च्या काळातील तो प्रसिद्ध निळा कोट घातलेला साय समोर येतो आणि शुगा त्याला लोळवतो. हे गाणे सायच्या ज्या नवव्या अल्बममध्ये आहे, त्याच्या कोरियन नावात श्लेष आहे: नऊ या अंकाचा कोरियन उच्चार ‘गू’, आणि ‘स्सादागू’ म्हणजे बोलीभाषेत थोबाडीत मारणे. त्यामुळे ती मारामारी केवळ करमणुकीची नाही. ज्या गाण्याची चित्रफीत २१ डिसेंबर २०१२ रोजी यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिली गेलेली पहिली चित्रफीत ठरली, ज्याने अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या स्थानापर्यंत मजल मारली, ते गाणे त्यानंतर दहा वर्षे सायच्या मानगुटीवर बसलेले होते. प्रत्येक नव्या गाण्याची मोजणी त्याच्याशीच होई. ते ओझे उतरवण्याचे काम त्याने धाकट्याच्या हाताने करून घेतले. स्वतःच्या सर्वांत मोठ्या यशाला पाडण्याची मुभा दुसऱ्याला देणे, तीही आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्याला, यासाठी मनाचा जो मोठेपणा लागतो तो मी तरी फार थोड्या कलावंतांत पाहिला आहे.

गाणे अमेरिकेच्या त्या यादीत ८० व्या क्रमांकापर्यंत गेले, आणि कोरियाच्या गाओन यादीत पहिले आले. दुसऱ्या क्रमांकाच्या तुलनेत ८० वा क्रमांक कोणाला घसरण वाटू शकेल. मला तसे वाटत नाही, कारण हे गाणे ज्या क्षणासाठी केले होते तो क्षण कोरियातला होता. १८ एप्रिल २०२२ रोजी तिथले साथीच्या काळातील अंतराचे बहुतेक निर्बंध उठले आणि त्यानंतर अकराव्या दिवशी हे गाणे आले. शब्दांत दीर्घ विरहानंतर भेटल्याचा सूर आहे. रस्त्यावरचा गलका परत आल्याचा आनंद आहे. ३१ ऑगस्टला पुण्यात ढोल पुन्हा वाजू लागले तेव्हा आमच्या सोसायटीतल्या मुलींनी हेच गाणे निवडले. त्यांना त्याचे शब्द कळत नव्हते, पण शब्दांमागचे कारण त्यांच्या शरीराला ठाऊक होते असे मला राहून राहून वाटते.

ऐकणाऱ्यांसाठी आता एक व्यावहारिक सूचना, जी मी त्या संध्याकाळी महागात शिकले. सराव माझ्या खोलीत, साध्या दोन स्पीकरांवर झाला होता. मुलींनी गिटारच्या तानेवर मान वळवण्याची आणि पाय आपटण्याची जागा बसवली होती. कार्यक्रमाच्या दिवशी भाड्याने आणलेल्या ध्वनियंत्रणेवर खर्ज इतका वाढवून ठेवलेला होता की मधल्या पट्टीतील सगळे काही वाहून गेले. गिटार ऐकूच आली नाही. पहिल्या कडव्यात सातही मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मी रंगमंचाच्या कडेला उभी राहून दोन आणि चारवर टाळी देऊ लागले, तेव्हा कुठे त्या सावरल्या. नंतर मी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की ही केवळ यंत्रणेची चूक नव्हती. या गाण्यातील कंट्रीचा थर खरोखरच इतका पातळ आहे की खर्ज वाढवला की तो नाहीसा होतो आणि उरते ते चांगल्या प्रतीचे पण इतर शंभर गाण्यांसारखे नाचाचे गाणे. म्हणून ज्यांना हे मिश्रण खरोखर अनुभवायचे आहे त्यांनी ते हेडफोनवर किंवा घरातल्या साध्या स्पीकरांवर, खर्ज न वाढवता ऐकावे. मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या स्पीकरांवर ते वाजवू नये. तिथे त्याचा अर्धा जीव जातो.

नाचण्यासाठी निवडणाऱ्यांनाही सांगते. पावले सोपी आहेत, आणि हा गुण समजावा. कंट्रीच्या समूहनृत्यात जसे सगळे एका ओळीत उभे राहून एकाच दिशेने सरकतात, वळतात, पाय आपटतात, तशीच येथील रचना आहे. लेझीम खेळलेल्या कोणालाही ती दोन संध्याकाळींत जमेल. लेझमीत जसे एकट्याच्या कौशल्यापेक्षा ओळीच्या एकजुटीला मोल असते, तसेच येथे आहे. आमच्या सात मुलींपैकी दोघींना नाचाचा काहीही पूर्वानुभव नव्हता, आणि प्रेक्षकांपैकी कोणाला त्या दोघी कोणत्या हे ओळखता आले नाही. बीटीएसच्या इतर गाण्यांतील नृत्यरचना शिकायला घेऊन निराश झालेल्या मुलांना हे गाणे धीर देईल. वेस्टर्न पोशाखावर फार खर्च करू नये. आमच्या मुलींनी तुळशीबागेतून आणलेली साधी झालर जुन्या जाकिटांना शिवली होती आणि ती पुरेशी शोभली.

‘दॅट दॅट’ ज्या अल्बममध्ये आहे तो पूर्ण ऐकावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे की एकदा जरूर ऐकावा. बारा गाणी आहेत, आणि सायने २०१७ नंतर पाच वर्षांनी केलेला हा अल्बम आहे. त्याने २०१९ मध्ये स्वतःची पी नेशन ही संस्था उभी केली, त्या वेळी तिथे असलेल्या जेसी, हेझ आणि क्रश या गायकांसोबतची गाणी त्यात आहेत. संस्थेच्या पलीकडे जाऊन गायिका ह्वासासोबत, रॅपर टॅब्लोसोबत, आणि जुन्या पिढीतील हळुवार गळ्याच्या सुंग शी-ग्यंगसोबतही. त्यातल्या ‘सेलेब’ या गाण्याची रचना झिको या तरुण रॅपरची आहे, म्हणजे तिथेही धाकट्याने बांधलेले घर आहे. परंतु अल्बमभर एकच स्वभाव टिकत नाही. नाचाच्या गाण्यांकडून भावगीतांकडे आणि पुन्हा नाचाकडे जाताना मधले उंबरे उंच वाटतात. सुंग शी-ग्यंगसोबतचे गाणे मला व्यक्तिशः सर्वांत जास्त आवडले, पण ते ‘दॅट दॅट’च्या शेजारी बसत नाही. पैसे देऊन तबकडी मागवण्याऐवजी आधी स्ट्रीमिंगवर सगळी गाणी ऐकून घ्यावीत, आणि मगच ठरवावे.

शेवटी कोणासाठी हे गाणे आहे, हे सांगते. ज्यांना कंट्री हवे आहे त्यांच्यासाठी ते नाही. ज्यांना शुगाच्या एकल कामाची खोली हवी आहे त्यांनीही येथून सुरुवात करू नये. पण ज्या घरात दोन पिढ्यांना एकत्र ऐकायला काही सापडत नाही, त्या घरासाठी मी ते निःशंक सुचवीन. आमच्या घरात माझी आई, वय ७८, कोरियन भाषेचा एक शब्दही न कळता सरावाच्या वेळी दाराशी खुर्ची घेऊन बसू लागली होती. तिसऱ्या दिवशी तिने भाचीला विचारले, “यातला मोठा कोण आणि लहान कोण, ते आवाजावरून कळत नाही गं.” भाचीने तिला दोघांची वये सांगितली. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग बरं झालं. पुन्हा लाव.”